मायनस नंबर असताना स्क्रीन नक्की किती लांब ठेवायची?

कळवाखाडी

नमस्कार मंडळी. घरातल्या दोघांसाठी विचारतोय, म्हणून आधी आकडे देतो.

माझं वय ४२. उजवा डोळा −४.५०, डावा −५.२५, डाव्याला ०.७५ सिलिंडर (तिरका नंबर). ऑफिस ऐरोलीत, तिथे २४ इंची दोन मॉनिटर शेजारीशेजारी. घरी ठाण्यात भिंतीला ठोकलेलं टेबल, खोली जेमतेम ४५ सेंमी, त्यावर १४ इंची लॅपटॉप. संध्याकाळी भुवयांच्या वर दुखायला लागतं. लॅपटॉपवरून मान वर केली की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन-तीन सेकंद धूसर दिसतं, मग साफ होतं. मोबाईल वाचायला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणावा लागतो, नाहीतर काढावाच लागतो. दोन महिन्यांपूर्वी तपासणी केली, लांबचा नंबर बदललेला नाही.

मुलगी ९ वर्षांची, दोन्ही डोळे −१.७५. मागच्या वर्षी −१.०० होता. अभ्यासाचे व्हिडिओ मोबाईलवर बघते, तेही पलंगावर पडून.

स्क्रीनसमोर मी चष्मा लावावा की काढावा? अंतर किती, सेंटिमीटरमध्ये? आणि लेकीसाठी हिशोब वेगळा आहे का? ‘स्क्रीन कमी करा’ हे कळतं, पण पोट त्यावरच आहे. तेव्हा जमेल असं सांगा.

भिंगकाच

चष्मा काढायचा की नाही हे तुमच्या नंबरातच लिहिलेलं आहे. १०० ला नंबराने भागा. जो आकडा येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंतच उघड्या डोळ्याला स्पष्ट दिसतं, त्यापुढे धूसर. −१ ला एक मीटर, −१.५० ला ६७ सेंमी, −२ ला ५०, −२.५० ला ४०, −४ ला २५. तुमच्या उजव्या डोळ्याचे येतात २२ सेंमी आणि डाव्याचे १९. चष्मा काढून मॉनिटर वाचायचा म्हटलं तर टेबलावर आडवंच व्हावं लागेल. तेव्हा मॉनिटरसमोर चष्मा काढणे हा तुमच्यासाठी पर्यायच नाही. −१.५० च्या आसपास नंबर असलेला पन्नाशीचा माणूस मॉनिटरसमोर चष्मा काढतो आणि त्याला खरोखर बरं वाटतं, कारण त्याचं अंतर आणि मॉनिटरचं अंतर जुळतं. ते बघून −५ वाला तसंच करायला जातो आणि तिथे चुकतं.

मोबाईलसाठी चष्मा काढता तेव्हा तो २० सेंमीवर धरावा लागतो. भिंगाला तिथे काही काम उरत नाही, पण दोन्ही डोळे नाकाकडे वळवावे लागतात, आणि ६० सेंमीवर जेवढे वळतात त्याच्या तिप्पट. शिवाय तुमच्या दोन डोळ्यांची अंतरं वेगळी आहेत. थोड्या वेळात एकच डोळा वाचत राहतो आणि दुसरा सोडून देतो. ओटीपी बघायला ठीक, अर्धा तास बातम्या वाचायला नाही.

आता चष्मा लावून काय होतं ते बघू. पूर्ण नंबराच्या चष्म्यातून जवळचं बघायला डोळ्यातल्या भिंगाला जोर लावावा लागतो आणि तो जोरही याच भागाकाराने निघतो. ६० सेंमीला १.६७ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचंच माप), ४० ला २.५०, ३३ ला ३, २५ ला ४, २० ला ५. वयाच्या ४२ व्या वर्षी डोळ्याचा एकूण जोर सरासरीने ६ च्या जरा खाली असतो, कमीत कमी साडेचार धरतात. सलग काम करायचं तर त्यातला निम्माच वापरावा, निम्मा शिलकीत ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे तुमच्या हातात सव्वादोन ते जेमतेम तीन. यात ६० सेंमीवरचा मॉनिटर आरामात बसतो, ४० वरचा लॅपटॉप काठावर येतो आणि २५ वरचा मोबाईल सगळी शिल्लक खाऊन टाकतो. डोकं दुखतं संध्याकाळी मॉनिटरसमोर, म्हणून आळ मॉनिटरवर येतो. माझ्या मते तुमच्या दुखण्याचं मूळ मोबाईल आणि घरच्या ४५ सेंमीच्या टेबलात आहे. मान वर केल्यावर कॅलेंडर धूसर दिसणं हीही त्याचीच खूण. भिंग जवळच्या अंतरावर आवळून राहिलंय आणि सुटायला वेळ घेतंय.

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणण्याचंही कारण आहे. मायनसची काच डोळ्यापासून लांब गेली की तिची ताकद उतरते. −५ ची काच १० मिमी पुढे सरकली की जवळपास पाव नंबर कमी होतो. हात आपोआप तेवढी सवलत काढून घेतात. मायनसवाल्यांची चाळिशी अशीच लागते, म्हणून ती लवकर ओळखू येत नाही. लांबचा नंबर तोच आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून लोक दोन-तीन वर्षं काढतात.

तुम्हाला फक्त स्क्रीनसाठी दुसरा चष्मा लागेल. समजा लांबच्या नंबरातून ०.७५ उतरवला: उजवा −३.७५, डावा −४.५०, सिलिंडर आणि त्याचा अक्ष जसाच्या तसा. मग ६० सेंमीला ०.९२ एवढाच जोर लागतो, ४० ला १.७५, ३३ ला २.२५. तिन्ही अंतरं तुमच्या वापरायच्या निम्म्या जोरात बसतात. त्या बदल्यात १३३ सेंमीच्या पलीकडचं धूसर होतं, तेव्हा हा चष्मा घालून जिना उतरायचा नाही, रस्ता ओलांडायचा नाही, दुचाकी तर मुळीच नाही. ०.७५ हा मी हिशोब दाखवायला घेतलेला आकडा आहे. ०.५० की ०.७५ की १.०० हे तपासणीत, तुमची खरी अंतरं समोर ठेवून ठरवून घ्या. नुसतं ‘कॉम्प्युटरचा चष्मा द्या’ म्हणालात तर समोरचा ४० सेंमी धरून बसेल आणि तुम्ही मॉनिटरवर झुकून बसाल.

कॉन्टॅक्ट लेन्स लावायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या. काच डोळ्यापासून १२ मिमी पुढे असल्यामुळे मायनसवाल्याला चष्म्यातून जवळचं बघायला वरच्या आकड्यांपेक्षा थोडा कमी जोर पुरतो. −५ ला ४० सेंमीवर ही सवलत साधारण पाव डायॉप्टरची असते. लेन्स घातली की ती जाते. चाळिशीच्या तोंडावर लेन्स सुरू केली आणि वाचायलाच जमेना अशी तक्रार येते, ती यामुळे.

फुटपट्टी

वरचा हिशोब बरोबर आहे, पण अंतर खरंच मोजल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आणि मोजतोय म्हटल्यावर प्रत्येक जण ताठ बसतो. तेव्हा तुम्ही काम सुरू करून अर्धा तास झाला की घरच्या कुणाला तरी न सांगता मोजायला लावा. शिंप्याचा टेप घ्या. एक टोक चष्म्याच्या काडीची कडी जिथे फ्रेमला मिळते तिथे धरायचं, दुसरं तुम्ही जी ओळ वाचताय तिच्यापर्यंत. टेप नसेल तर ए-फोर कागद पुरतो. त्याची लांब बाजू २९.७ सेंमी, दोन कागद लांबीने एकापुढे एक धरले की ६० सेंमी झाले. मॉनिटरला दोन कागद, मोबाईलला एकापेक्षा जरा जास्त. ऑफिसात प्रिंटर असतोच, कागद काढा आणि लावून बघा.

आता तुमचं घरचं टेबल. ४५ सेंमी खोलीच्या टेबलावर लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरायचा म्हटलं की स्क्रीन ४० ते ४५ वर येते आणि खाली असल्यामुळे मान वाकून ती आणखी जवळ येते. लॅपटॉपचा मूळ दोषच हा: कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना बांधलेले आहेत, हात जवळ आणले की डोळे जवळ येतात. सुटा कीबोर्ड आणि माऊस घ्या, लॅपटॉप टेबलाच्या मागच्या कडेला भिंतीशी सरकवा आणि खाली १० ते १५ सेंमी उंचवटा द्या. ५०० पानांचं ए-फोर कागदाचं एक रीम साधारण ५ सेंमी जाड असतं, दोन-तीन रीमं रचली की स्टँड झाला. एवढ्याने खुर्ची थोडी मागे येते आणि अंतर ५५ ते ६० ला पोचतं. तरी कमी पडलं तर टेबलाखाली सरकता कीबोर्ड-ट्रे लावा, १५ ते २० सेंमी फुकटात मिळतात.

घरी मॉनिटर घेणार असाल तर त्याच्याबरोबर येणारा पाय टेबलाची १८ ते २० सेंमी खोली खातो, म्हणजे ४५ च्या टेबलावर काहीच उरत नाही. तिथे भिंतीवर लावायचा आर्म घ्या. मॉनिटरच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर ७५ मिमी आहे की १०० ते आधी बघा, आर्मची पट्टी त्याच मापाची लागते. टेबलाच्या कडेला आवळायचा आर्म पार्टिकल बोर्डवर लावू नका. २४ इंची मॉनिटर ३ ते ४ किलोचा असतो आणि पुढे ओढला की सगळा भार त्या एका टोकावर येतो, बोर्ड तिथेच फुटतो. लावायचाच असेल तर वर आणि खाली लोखंडी पट्टी द्या. भिंतीवर लावतानाही ती विटांची आहे की जिप्समची हे ठोकून बघा.

ऑफिसचे दोन मॉनिटर. २४ इंची मॉनिटरची रुंदी ५३ सेंमी. दोन सपाट रांगेत ठेवून तुम्ही बरोबर मध्ये बसलात तर मधली फट ६० सेंमीवर आणि बाहेरची कड ८० वर जाते, शिवाय तिथे बघायला ४० अंश वळावं लागतं. दोन्ही मॉनिटर उघड्या पुस्तकासारखे आत वळवा. एकावरच जास्त काम असेल तर तो थेट नाकासमोर आणि दुसरा बाजूला, पण तितक्याच अंतरावर. वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा तिच्या ५ सेंमी खाली. प्रोग्रेसिव्ह काच (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर आणखी ५ ते ८ सेंमी खाली उतरवा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि मग मानेच्या गोळ्या सुरू होतात.

एवढं करून लोक पुन्हा पुढे झुकतात. त्याला अक्षर कारणीभूत असतं. अंतर वाढवलं आणि अक्षर तेवढंच ठेवलं तर मान आपोआप पुढे जाणार. ६० सेंमीवर तपासणीच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीएवढं अक्षर ०.८७ मिमीचं होतं, आणि दिवसभर वाचायला त्याच्या तिप्पट तरी हवं. म्हणजे इंग्रजीतलं छोटं एक्स साधारण २.६ मिमी. फुटपट्टी स्क्रीनला लावून मोजा. देवनागरीला आणखी जागा लागते, कारण शिरोरेषेच्या वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार, सगळं त्याच ओळीत मावायचं असतं. शिवाय त्याच पॉइंटात देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक दिसते. खुर्चीला पाठ टेकवून ‘र्क’ आणि ‘कं’ लिहा. पुढे न झुकता दोन्ही वेगळे ओळखू आले पाहिजेत. येत नसतील तर झूम १२५ टक्के करा, मग १५०. एका स्क्रीनवर कमी मावतं अशी कुरकूर पहिले दोन दिवस होते, नंतर नाही.

खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुमच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. स्क्रीनचा उजेड ठरवायला पांढरा कागद शेजारी धरा: स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी वाटली तर कमी करा, राखाडी वाटली तर वाढवा.

काचकारागीर

चष्मा करायला टाकताना काय चुकतं ते सांगतो, कारण नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं ते बरेचदा इथे.

काचेचं केंद्र बुबुळासमोर आलं पाहिजे. लांब बघताना दोन बुबुळांमधलं अंतर ६४ मिमी असेल तर ६० सेंमीवर बघताना डोळे आत वळून ते ६१ च्या आसपास येतं. मायनसच्या काचेत केंद्रं जरा रुंद राहिली तर डोळ्याला थोडी मदतच होते. उलटी चूक वाईट. केंद्रं बुबुळांपेक्षा जवळ आली की डोळ्यांना गरजेपेक्षा जास्त आत वळावं लागतं आणि तासाभरात कपाळ धरतं. म्हणून दोन्ही डोळ्यांचं अंतर वेगवेगळं, नाकाच्या मध्यापासून मोजून घ्या. नाक दोन्ही बाजूंना सारखं नसतं.

मोठ्या फ्रेमची सध्या हौस आहे. −४.५० ला मोठी फ्रेम म्हणजे कडेला जाड काच आणि कडेने बघताना अक्षराला निळी-तांबडी किनार. पातळ काच मागताना हेही लक्षात घ्या: इंडेक्स (काच उजेड किती वाकवते तो आकडा) वाढला की काच पातळ होते पण रंग फाकतात. १.६० ची काच तुमच्या नंबराला पुरेशी पातळ आहे आणि रंग फाकण्यात १.६७ किंवा पॉलिकार्बोनेटपेक्षा बरी. दोन मॉनिटरवर काम करणाऱ्याला हा फरक दिसतो. लहान, गोलसर फ्रेम, नाकाला बसणाऱ्या मऊ पॅडची. आपल्याकडच्या घामाला चष्मा घसरतो, आणि घसरला की काय होतं ते वर भिंगकाच यांनी लिहिलंच आहे.

तुमच्या दोन डोळ्यांत पाऊण नंबराचा फरक आहे, त्याची काळजी नको. पण हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाला दोन नंबर किंवा जास्त फरक असेल तर काचेच्या खालच्या भागातून वाचू नका. केंद्राच्या ८ मिमी खालून बघितलं तर दोन नंबराच्या फरकाने दोन्ही डोळ्यांची चित्रं १.६ प्रिझम डायॉप्टरने (चित्र किती सरकलं त्याचं माप) वर-खाली होतात. ती जुळवताना डोकं दुखतं, ओळ दुहेरी दिसते. डोळे खाली नेण्याऐवजी हनुवटी खाली करा, की पुन्हा केंद्रातून बघणं होतं.

घणसोलीकर

दोन शंका. लहान मुलांना डॉक्टर पूर्ण नंबर देतात त्याऐवजी थोडा कमी दिला तर डोळ्याला सवय होऊन नंबर वाढायचा थांबतो, असं ऐकलंय. कळवाखाडी यांच्या मुलीच्या बाबतीत करून बघायला हरकत आहे का? आणि ब्लू कटचे (निळा उजेड अडवणाऱ्या काचेचे) हजार रुपये जास्त द्यावेत का?

डोळसपणे

पहिल्याला स्पष्ट नाही. मलेशियात मुलांवर दोन वर्षं हेच करून बघितलं, निम्म्यांना पूर्ण नंबर, निम्म्यांना ०.७५ ने कमी. २००२ साली निकाल आला तो उलटा: कमी नंबरवाल्या मुलांचा नंबर जास्त वेगाने वाढला. मूल फळ्यावरचं वाचायला डोळे बारीक करतं, पुढच्या बाकावर जातं, आणि फायदा काहीच नाही. कमी नंबराचा चष्मा चाळिशीच्या माणसाला स्क्रीनपुरता देणं ही वेगळी गोष्ट. त्याचा डोळा वाढत नसतो, त्याला फक्त आराम हवा असतो. नऊ वर्षांच्या मुलीचा डोळा अजून लांबीने वाढतोय. बुबुळापासून डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंतची लांबी १ मिमीने वाढली की अडीच ते तीन नंबर वाढतात. आपली सगळी धडपड ती वाढ मंदावण्यासाठी आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू नका.

ब्लू कटचे पैसे वाचवा. २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, त्यात डोळ्यांच्या थकव्यावर साध्या काचेच्या तुलनेत फरक पडत नाही असंच निघालं. तेच पैसे चांगल्या अँटिरिफ्लेक्शन (चकाकी कमी करणाऱ्या) कोटिंगला घाला.

आता मूळ प्रश्नातल्या लेकीबद्दल. वर्षात पाऊण नंबर ही वाढ लक्ष देण्यासारखी आहे. सगळ्यात आधी डोळ्यात औषध घालून नंबर तपासला होता का ते विचारा. मुलांचं भिंग इतकं लवचीक असतं की नुसत्या मशीनवर मायनस फुगून येऊ शकतो. औषध घालून खरा नंबर ठरवा, शक्य असेल तिथे डोळ्याची लांबी मोजून घ्या आणि दर सहा महिन्यांनी तीच मशीन, तीच पद्धत. खरंच वाढत असेल तर दोन मार्ग आज उपलब्ध आहेत. कमी तीव्रतेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, रोज रात्री एक. हाँगकाँगच्या चाचणीत ०.०५, ०.०२५ आणि ०.०१ टक्के यांची तुलना झाली, त्यात ०.०५ सर्वांत प्रभावी ठरलं. किंवा परिघावर सूक्ष्म भिंगं असलेली खास काच. दोन्ही नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. थेंब मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका, एकदम थांबवले तर नंबर पुन्हा जोरात वाढू शकतो.

अंतर: मुठीची हाडं गालाला टेकवली की कोपर जिथे येतं, पुस्तक त्याच्या अलीकडे येता कामा नये. या वयाला हे साधारण ३० सेंमी भरतं. मोबाईल तिच्या हातात गेला की तो २० वर येतो आणि पलंगावर कुशीवर झोपून तर १५ वर. शिवाय उशीने चष्मा वाकडा होतो, एक डोळा जवळ आणि एक लांब, काचेच्या कडेतून बघणं. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ नकोच. तोच व्हिडिओ टीव्हीवर लावा. अडीच मीटरवरच्या टीव्हीला ०.४ डायॉप्टर जोर लागतो, २० सेंमीवरच्या मोबाईलला ५. वेळ तेवढाच, भार बाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. घराघरात टीव्हीवर ओरडा होतो आणि मोबाईल मुकाट्याने हातात दिला जातो, हे अगदी उलटं आहे. टीव्ही मोकळा नसेल तर टॅब किंवा लॅपटॉप टेबलावर स्टँडला उभा, ५० सेंमीवर, आणि मूल खुर्चीत.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे बाहेरचा उजेड. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत नव्याने मायनस लागणाऱ्यांचं प्रमाण इतर शाळांत ३९.५ टक्के होतं, या शाळांत ३०.४, २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. नंबर लागायच्या आधी याचा फायदा सर्वांत जास्त, लागल्यावर कमी, तरी सोडू नये. धाकटं भावंड असेल तर त्यालाही बरोबर न्या, खरा लाभ त्याचा. रोज दोन तास गाठायचे. घरात ट्यूबलाइटखाली ३०० ते ५०० लक्स, कधी त्याहूनही कमी, आणि बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंनी. मे महिन्यात दुपार टाळून सकाळी आठच्या आत आणि पाचनंतर. पावसाळ्यात दोन सरींच्या मधे सोसायटीच्या आवारात सायकल फिरवली तरी चालतं, ढगाळ उजेडही घरापेक्षा कितीतरी जास्त असतो. उपवन, येऊरचा पायथा, मासुंद्याचा काठ, जे जवळ असेल ते. टोपी घालू द्या, त्याने फायदा जात नाही. पुस्तक घेऊन बागेत बसवू नका, खेळू द्या.

कळवाखाडी

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आज न सांगता मोजायला लावलं. ऑफिसचा मॉनिटर ५८ सेंमी, घरचा लॅपटॉप ३७, मोबाईल चष्म्यासकट २६, ट्रेनमध्ये उभ्याने धरतो तेव्हा १९ ते २१. लेकीचा मोबाईल पलंगावर १६. टीव्हीचं आजपासूनच सुरू करतोय. राहिलेला प्रश्न: २० मिनिटांनी २० फूट लांब बघा म्हणतात, पण आमच्या हॉलमध्ये २० फूट होतच नाहीत. आणि दुपारनंतर ऑफिसात अक्षरं मधूनच पुसट होतात, डोळे मिटले की परत स्पष्ट. हा नंबरच का?

भिंगकाच

३७ आणि २१ हे दोन आकडे सापडले म्हणजे अर्धं काम झालं. ३७ ला २.७० लागतो आणि २१ ला ४.७५. हे दोन्ही लिहून तपासणीला घेऊन जा.

२० फूट म्हणजे ६ मीटर. हॉलमध्ये मिळत नाहीत तर खिडकीशी जा आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी बघा. भिंग सैल सुटतंय की नाही हे कळायला टाकीवरचं काहीतरी बारीक शोधायचं, नळाचं तोंड किंवा शिडीच्या पायऱ्या. ते स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. तुम्हाला दोन-तीन सेकंद लागतायत, म्हणून २० सेकंदांऐवजी पूर्ण मिनिट द्या. स्क्रीनचा चष्मा लावलेला असेल तर तो काढून लांबचा लावून बघा, नाहीतर टाकी धूसरच राहील. हे आरामासाठी आहे. लेकीचा नंबर याने थांबेल असं समजू नका, तिला बाहेर खेळायलाच जायला हवं.

पापणी मिटली की अक्षर स्पष्ट होतं, तेव्हा हा नंबर नाही, कोरडेपणा आहे. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी लवते, स्क्रीनसमोर ५ ते ७ वर येते. पाण्याचा थर फाटला की अक्षर पुसट. एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर खुर्ची हलवा किंवा झोताची पट्टी वळवून घ्या. एक वाक्य वाचून झालं की पापण्या पूर्ण मिटायच्या, वरची खालीला टेकली पाहिजे. त्याने भागलं नाही तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब दिवसातून तीन-चारदा. लाली घालवणारे थेंब नकोत, सोडले की डोळे आणखी लाल होतात. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर कदापि नकोत, डोळ्यातला दाब वाढतो आणि कळतही नाही.

डावा −५.२५ आहे, तेव्हा वर्षातून एकदा बुबुळ मोठं करून पडदा तपासून घ्या. त्या दिवशी सोबत कुणीतरी असू द्या, चार-पाच तास जवळचं नीट दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. अचानक काळे ठिपके वाढले, अंधारात वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा, रविवार असला तरी.

फुटपट्टी

ट्रेनचं राहिलं. उभ्याने, गर्दीत, एका हाताने ३५ सेंमीवर मोबाईल धरता येत नाही आणि डबा हलत असल्यामुळे डोळा प्रत्येक ओळीला नव्याने पकड घेतो. ठाणे ते ऐरोली अंतर लहान आहे, तेवढ्यापुरतं कानात काहीतरी लावा आणि खिडकीबाहेर पारसिकच्या डोंगराकडे बघा. वाचायचंच असेल तर बसायला मिळाल्यावर, कोपर पोटाशी टेकवून. मग मोबाईल आपोआप ३५ ते ४० वर राहतो. अक्षराचा आकार दोन पायऱ्या वाढवून ठेवा, म्हणजे तो परत जवळ ओढावासा वाटणार नाही.